सतरा नंबरचा फॉर्म

"मॅडम, सॅम्पल किती घेऊ?"

साताऱ्यातल्या एका कॉलेजात मी तीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं आणि त्यातली निदान पंचवीस वर्षं हा प्रश्न ऐकला. स्टाफरूममध्ये ऐकला, स्टँडवर ऐकला, एकदा तर लग्नाच्या पंगतीत पानात जिलेबी पडत असताना ऐकला. पीएच.डी. करणारी मंडळी विषय नंतर ठरवतात, आधी हा आकडा विचारतात. किती लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली म्हणजे निष्कर्ष पक्का धरतात? शंभर म्हटलं की चेहरा फुलतो, चारशे म्हटलं की उतरतो. मग घासाघीस. "अडीचशेत भागेल का, मॅडम?" माझ्याकडे सूत्र होतं, तक्ता होता आणि उत्तर कायम तयार असायचं. या प्रश्नाला मी कधी अडखळले नाही, याचा मला थोडा गर्वही होता. तो कसा उतरला ते सांगते.

नोकरीनं मी मानसशास्त्राची, पण सातारा-सांगलीकडं माझी ओळख 'आकडेवाल्या मॅडम' अशी. कारण साधं आहे. गणिताला भिऊन बरेच जण मानसशास्त्र घेतात आणि संशोधनाची वेळ आली की तेच गणित संख्याशास्त्राचं नाव घेऊन दारात उभं राहतं. मग कऱ्हाड, विटा, वडूज, मिरज, कुठून कुठून मंडळी पिशव्या घेऊन माझ्याकडे येत. पिशवीत भरलेल्या प्रश्नावल्या. मनाला फूटपट्टी लावता येत नाही, म्हणून आम्ही चाळीसेक विधानं देतो. 'परीक्षेच्या आदल्या दिवशी मला जेवण जात नाही', 'वर्गात उठून बोलताना माझे हात थरथरतात', अशी. पुढे चार रकाने: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. भरणाऱ्यानं टिक करायची. टिकांचे गुण, गुणांची बेरीज, बेरजांची सरासरी, आणि मग अमुक गटाला तमुक गटापेक्षा चिंता जास्त आहे का ते ठरवायचं. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण नीट केलं तर त्यातून खरंच काही कळतं, असा माझा विश्वास होता आणि अजून आहे.

नीट करण्यातली पहिली पायरी म्हणजे निवडणं. तांदूळ निवडतो तसे फॉर्म निवडायचे. डोंगरावरच्या एका निवासी शाळेतून आलेल्या गठ्ठ्यात झाडून सगळी मुलं 'नेहमी आनंदी' निघाली होती. चौकशी केली तर कळलं, फॉर्म भरताना मुख्याध्यापक हातात छडी घेऊन बाकांमधून फिरत होते. एका गृहस्थांनी तर घरी बसून स्वतःच दोनशे फॉर्म भरले. तीन रंगांची पेनं वापरण्याइतकं डोकं त्यांनी लढवलं होतं, पण दोनशे जणांची टिक मारायची ढब एकच, शेपूट उजवीकडे वळलेली. मी पिशवी त्यांच्या हातात परत दिली. पुढं ते प्रामाणिकपणा या विषयावर व्याख्यानं द्यायला लागले असं ऐकलं.

सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे सरळ रेघ. एकाच रकान्यात वरपासून खालपर्यंत टिका. याचा अर्थ भरणाऱ्यानं वाचलंच नाही, उरकून टाकलं. अशा फॉर्मवर मी लाल पेनानं 'रद्द' लिहायची आणि तो वेगळ्या पाकिटात टाकायची. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. तो आमच्या व्यवसायातला सर्वमान्य नियम आहे, पुस्तकात छापलेला.

मी जात्याच काळजीखोर. गॅस बंद केला का म्हणून जिन्यावरून दोनदा परत येणारी. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले, बर्फात राहून आलेले आहेत. ते म्हणतात, "तुझ्याबरोबर बाजारात जाण्यापेक्षा ती ड्युटी बरी होती." पण याच काळजीनं मला कामात तारलं. प्रत्येक बेरीज मी तीनदा तपासायची. माझ्या हातून गेलेला आकडा चुकीचा निघाला, असं कधी झालं नव्हतं. निवृत्तीला वर्षभर राहिलं आणि वैशालीचे फॉर्म माझ्याकडे आले.

वैशाली जतकडची, सांगलीजवळच्या एका कॉलेजात शिकवते आणि माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होती. विषय होता वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची चिंता. खटाव, माण, आटपाडी, जत अशा कोरड्या भागात एका शिक्षणसंस्थेची मुलींसाठी सात वसतिगृहं आहेत, सगळी शाळेला लागून. त्याच शाळांत घरून येणाऱ्या मुलीही असतात. दोन्हीकडच्या मुलींकडून वैशालीनं सप्टेंबरात फॉर्म भरून घेतले. फॉर्मवर नाव नव्हतं, नुसता नंबर. आणि वर मी स्वतः लिहिलेली सूचना होती: 'तुमची उत्तरं शिक्षकांना, पालकांना किंवा वसतिगृहाच्या ताईंना दाखवली जाणार नाहीत. ती फक्त संशोधन करणाऱ्या मॅडम वाचतील.'

जानेवारीत मी आकडे काढले. वसतिगृहातल्या मुलींची चिंता घरच्या मुलींपेक्षा स्पष्ट जास्त. हा फरक निव्वळ योगायोगानं पडला असेल, अशी शक्यता अगदी नगण्य. संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हाला मुद्दाम बोलावून घेतलं. मी पडद्यावर तक्ता दाखवला. अध्यक्ष जुन्या वळणाचे, मनानं चांगले. तक्त्याकडे बघत म्हणाले, "आवं मॅडम, पोरींना एवढा घोर लागत असंल तर ही वसतिगृहं चालवायची कशापायी? बंद करू. गाड्या लावू, घरनं येऊन-जाऊन शिकतील." मे महिन्याच्या बैठकीत तसा ठराव करायचं ठरलं. परत येताना गाडीत मी खूश होते. इतक्या वर्षांत माझ्या एखाद्या तक्त्यावरून कुणी काही करतंय, असं पहिल्यांदाच होत होतं.

फेब्रुवारीत वैशालीचा फोन आला. "मॅडम, विद्यापीठाच्या समितीनं प्रबंधाचा मसुदा परत पाठवलाय." ती पत्र समोर धरून बोलत होती. "एकच शेरा आहे. मुली गटानं राहतात, हे विश्लेषणात धरलेलं नाही. बहुस्तरीय प्रतिमान वापरून पुन्हा करा, असं म्हणतायत. म्हणजे काय, मॅडम?"

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बघते म्हणजे मला माहीत नव्हतं. नाव कानावरून गेलेलं होतं. परिषदेत त्यावर कुणी बोलायला उभं राहिलं की मी चहाला उठायची. लवकरच निवृत्त होणार, आता कशाला नवीन, असं चाललं होतं. त्या दुपारी एक पुस्तक उघडलं. दुसऱ्याच पानावर ग्रीक अक्षरांची रांग, त्यांच्या डोक्यावर टोप्या, पायाशी बारीक आकडे. ऐंशी-नव्वद मुलांसमोर तीस वर्षं उभी राहिलेली बाई मी, पण ते पान बघून मी पुस्तक मिटून टाकलं. वैशालीच्या पदवीची काळजी होतीच. पण खरी धास्ती वेगळी होती. मे महिन्यात सात वसतिगृहं माझ्या एका तक्त्यावर बंद होणार होती आणि तो तक्ता बरोबर आहे की नाही, हे मलाच माहीत नव्हतं. गाडी किती दिवस वेळेवर येईल आणि ती आली नाही की आधी कुणाची शाळा सुटेल, हे त्या भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

इंटरनेटवरची व्याख्यानं ऐकली. समजलं असं वाटायचं आणि वही मिटली की जायचं. शेवटी वैशालीनं चौगुले सरांचं नाव काढलं. सर तासगावकडचे, शेतीसंशोधनातून निवृत्त झालेले. आयुष्यभर द्राक्ष आणि हळदीच्या प्रयोगांचे आकडे मांडले. शेतीतल्या माणसाला मुलींच्या मनातलं काय कळणार, असं मनात आणतच मी शनिवारी सांगलीची गाडी पकडली.

द्राक्षांचा हंगाम होता. सरांनी आम्हा दोघींना घरात न बसवता सरळ बागेत मांडवाखाली नेलं. एक घड तोडून माझ्या हातात दिला. "मॅडम, ह्यातलं दहा मणी खावा."

खाल्ले.

"कशी हायत?"

"गोड आहेत."

"मंग आता वहीत लिवा. दहा द्राक्षं तपासली, बाग गोड हाय."

मी हसले. "असं कसं लिहिता येईल सर? दहाही एकाच घडातली."

"मंग तुमी दुसरं काय केलंय?" ते म्हणाले. चिडवत नव्हते, खरंच विचारत होते. "एका वसतिगृहातल्या तीस पोरी एका घडातलं मणीच की वो. एकच पाणी, एकच ऊन. तुमी त्यांस्नी तीस बागा म्हणून मोजलंसा."

मला राग आला, तो स्वतःचाच. शेतकरी मातीबद्दल जे धरून चालतो ते मी माणसांबद्दल कधी धरलंच नव्हतं. मी प्रत्येक मुलगी सुटी मोजली होती, जणू एका खोलीत राहणाऱ्या, एका ताटात जेवणाऱ्या मुली एकमेकींशी बोलतच नाहीत.

त्यानंतरचे सगळे शनिवार मी सांगलीला गेले. बहुस्तरीय म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक घराचं जोतं वेगळ्या उंचीचं असतं. माणसांची उंची मोजायची तर जोत्यासकट मोजून चालत नाही. जोत्याची उंची निराळी, माणसाची निराळी काढायला लागते. तसं मुलींची चिंता मोजताना वसतिगृहाचा वाटा निराळा आणि मुलीचा निराळा काढायचा. पुढे जाऊन असंही विचारता येतं, की वसतिगृहातल्या आणि घरच्या मुलींमधला फरक सातही ठिकाणी सारखाच आहे का, की कुठं कमी, कुठं जास्त? जुन्या पद्धतीत हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. तिथं सगळ्यांची मिळून एक सरासरी, विषय संपला.

हे समजायला सोपं. करायला मात्र नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मी माउसनं चौकटीत खूण करायची. इथं हातानं आज्ञा लिहायची होती आणि एक स्वल्पविराम चुकला की पडदा लाल. आज्ञा बिनचूक असली तरी कधी कधी उत्तर यायचं, की मॉडेल, म्हणजे ते प्रतिमान, स्थिर झालेलं नाही, गणित एका उत्तरावर टिकत नाही. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी कॉम्प्युटर बंद करून टाकला आणि भाजी निवडत बसले. माझ्याच प्रश्नावलीतलं 'चूक होईल या भीतीनं मी काम टाळते' हे विधान आठवलं. 'नेहमी'वर टिक केली असती.

"इशारा आला की पळू नगा," चौगुले सर फोनवर म्हणाले. "आदी वाचा, त्ये काय म्हणतंय ते. चुकीचं कमी आन खरं जास्त बोलतंय त्ये."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मॉडेल स्थिर झालं. वैशाली माझ्या शेजारी बसली होती. पडद्यावर सात वसतिगृहांचे सात फरक आले. सहा ठिकाणी वसतिगृहातल्या आणि घरच्या मुलींत फरक जवळपास नाहीच. पाचव्या क्रमांकाच्या वसतिगृहात प्रचंड. या पद्धतीत एखाद्याच गटाचा आकडा भलता आला तर मॉडेल त्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, त्याला सरासरीकडे ओढतं. पाचव्या वसतिगृहाचा आकडा ओढल्यावरही जागचा फारसा हलला नव्हता.

"म्हणजे माझा निष्कर्षच गेला," वैशाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, चार वर्षं."

सात वसतिगृहं बंद करायला निघालेला माझा तक्ता मुळात एका वसतिगृहाचा होता. आणि लगेच, मला हे लिहायची लाज वाटते, सवयीनं डोक्यात आलं की तिथं फॉर्म भरताना काहीतरी गडबड झाली असणार. मुलींनी एकमेकींचं बघून लिहिलं असेल. मग तो सगळा गठ्ठाच रद्द करता येईल. सहा वसतिगृहांचा स्वच्छ निष्कर्ष मिळेल. मी लाल पेन शोधायलासुद्धा लागले होते. चौगुले सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, एक वेल असा निघाला म्हणून आमी लगीच उपटत न्हाई. मुळाशी काय झालंय ते बगतो."

म्हणून गठ्ठ्याची दोरी सोडून फॉर्म एकेक बघत बसलो. त्या वसतिगृहात एकतीस मुली. एक फॉर्म आधीच रद्द, राहिले तीस. हस्ताक्षर नव्हतं, पण टिका तीस तऱ्हेच्या होत्या. कुणा एकीनं भरलेले नव्हते. अभ्यास, जेवण, मैत्रिणी, ताई, सगळ्याबद्दल जिची तिची वेगवेगळी उत्तरं. पण घर आणि सुट्टी यांविषयीची आठ विधानं आली की तीसही जणी एका रकान्यात. 'सुट्टी जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो': नेहमी, नेहमी, नेहमी. मी बेरीज केली होती, म्हणून मला हे दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी काढली, वैशालीही बरोबर होती. वडूजच्या पुढं पाऊण तास. वसतिगृह म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगानं नंबर. तिथल्या अधीक्षिकांना मुली ताई म्हणतात. आम्ही वसतिगृह बंद करायच्या कामानंच आलोय, अशी त्यांची समजूत झाली होती. काही विचारायच्या आतच त्या चहा ठेवायला गेल्या. नववीच्या मुलींची परीक्षा चालू होती, पेपर देऊन त्या परतल्या होत्या. मी व्हरांड्यात त्यांच्यात जाऊन बसले आणि म्हटलं, सप्टेंबरात तुम्ही फॉर्म भरले होते, त्यातलं सुट्टीबद्दल मला विचारायचंय.

सगळ्या एकमेकींकडे बघून माना खाली घालू लागल्या. मग एक उंचशी मुलगी, तिचं नाव इथं प्रियांका म्हणू, उठून माझ्यासमोर आली.

"तुमीच का त्या मॅडम? फॉरम वाचणाऱ्या?"

"हो."

"मंग लय उशीर केलासा, मॅडम."

मी तिला खाली बसवलं. तिनं सांगितलं ते असं. "आमच्यात एक हुती. माझ्याच वर्गात. दिवाळीच्या सुट्टीत घरचे तिचं लगीन लावणार हुते. तिनं आमाला शपथ घातलेली, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून. ताईंना सांगितलं असतं तर ताईंनी घरी फोन केला असता, आन घरचे दुसऱ्या दिवशीच तिला न्ह्यायला आले असते. मंग तुमचे फॉरम आले. वर लिवलं हुतं, ताईंना दाखवणार न्हाई, आईबापांना दाखवणार न्हाई, मॅडमच वाचणार. मी म्हटलं, शपथ सांगायची न्हाई अशी हाय, लिवायची न्हाई अशी कुठं हाय? एकटीनं लिवलं तर कोण बगतंय? म्हणून आमी समद्यांनी लिवलं. बारक्या पोरींनी पण."

"आणि ती?" वैशालीनं विचारलं.

"दिवाळीला गेली. आली न्हाई."

ताई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तो तसाच खाली ठेवून त्या रडायला लागल्या. "मी दोनदा गेले वो तिच्या गावाला. थोरल्या बहिणीकडं गेलीया म्हणाले. हजेरीत सतत गैरहजर लिवलं आन नाव कमी केलं. मला काय ठावं ह्या पोरी फॉरमात काय लिवत्यात? मला वाचायची बंदी हुती."

ती बंदी माझीच होती.

"तिनं स्वतः काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"न्हाई ठावं," प्रियांका म्हणाली. "ती माझ्या मागं बसली हुती. लय भित्री हाय ती. माझी पेटी सोळा नंबर, तिची सतरा."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. नाव नको म्हणून तिनं फॉर्मवर पेटीचा नंबर घालायला सांगितला होता. वसतिगृहातली मुलगी हजेरीतला नंबर विसरेल, पेटीचा विसरत नाही.

निघताना प्रियांका गाडीपर्यंत आली. काचेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, आमी तीसजणी हुतो. अजून किती जणींनी लिवलं असतं, म्हंजी तुमाला कळलं असतं?"

पंचवीस वर्षं मी ज्याचं उत्तर देत आले होते, तोच प्रश्न. ह्यांनी गाडी चालू केली.

घरी आल्यावर चपला न काढता मी कपाटातून रद्द फॉर्मचं पाकीट काढलं. डझनभर कागद होते. पाचवं वसतिगृह, नंबर सतरा. 'कधीच नाही'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चाळीस टिका, सरळ रेघ. भीती वाटत नाही, रडू येत नाही, घरची काळजी वाटत नाही, कधीच नाही. वर माझ्या अक्षरात लाल 'रद्द'. मी कागद खिडकीपाशी नेला. सुट्टीच्या विधानापुढे शेवटच्या रकान्यात, 'नेहमी'खाली, पेनाचा एक ठिपका होता. तिथं पेन टेकवून तिनं उचललं होतं.

तिनं वाचलं नव्हतं, असं मी ठरवलं होतं. तिच्याइतकं लक्षपूर्वक तो फॉर्म कुणीच वाचला नसेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या गावच्या ग्रामसेवकांना, बालविवाह रोखायचं काम त्यांच्याकडे असतं म्हणून, आणि तालुक्याच्या महिला-बालकल्याण कार्यालयाला लेखी कळवलं. गुप्ततेचं वचन मोडतोय का, याचा मी रात्रभर विचार केला होता. सकाळी अर्जावर सही केली. मेच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं, की जानेवारीत मी दाखवलेला तक्ता चुकीचा होता. वसतिगृहामुळं मुलींची चिंता वाढलेली नाही. एका ठिकाणी ती होती, पण वसतिगृहाची नव्हे. तिथून घरी जावं लागण्याची. अध्यक्ष म्हणाले, "म्हंजी आपुन उलटंच करायला निघालो हुतो." वसतिगृहं चालू आहेत. फॉर्ममधलं काही गंभीर दिसलं तर मुलीच्या भल्यासाठी कुणाला तरी सांगितलं जाईल, अशी ओळ आता वैशाली तिच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीवर घालायला लावते. तिचा प्रबंध मान्य झाला. परीक्षकांनी विश्लेषणाचं कौतुक केलं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही.

त्या मुलीबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. ती अल्पवयीन आहे आणि प्रकरण अजून चालू आहे. एवढंच सांगते, की जूनमध्ये दहावीच्या वर्गात ती नव्हती.

आता मी निवृत्त झाले. फोन येतात. "मॅडम, सॅम्पल किती घेऊ?" मी सूत्र सांगते, मुलं कुठल्या गटात राहतात ते विचारते, द्राक्षांची गोष्टही सांगते. आणि म्हणते, रद्द केलेले फॉर्म आधी मला आणून दाखवा. ते बिचारे गोंधळतात, पण आणतात. मी एकेक कागद उजेडात धरून बघते.

प्रियांका यंदा दहावीला आहे. तिला उत्तर द्यायचं राहिलंय. उत्तर मला माहीत आहे, सांगायचा धीर होत नाही. एकीचा फॉर्म पुरला असता, आणि तो माझ्या हातात आला होता.